गडचिरोलीतली ८६ गावं: नवजात बाळापासून लकव्यापर्यंत

२६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग वेगळा काढून गडचिरोली जिल्हा झाला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १० लाख ७२ हजार ९४२, म्हणजे एका चौरस किलोमीटरला ७४ माणसं. तीन चतुर्थांशाहून जास्त जमीन जंगलाखाली. दर शंभरांत जवळजवळ ३९ जण अनुसूचित जमातींचे, त्यांत मुख्यतः गोंड आणि माडिया. शहरात राहणारे शंभरांत अकरा. आरोग्यसेवेचा विचार करताना यातला लोकसंख्येच्या घनतेचा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा आहे. सरकारी आरोग्य केंद्रं लोकसंख्येच्या निकषावर मंजूर होतात आणि जिथं माणसं विरळ, तिथं एकेका केंद्राच्या वाट्याला अफाट जंगल येतं. आदिवासी भागासाठी निकष शिथिल आहेत, तरी कागदावरचं 'जवळचं उपकेंद्र' आणि बाळंतिणीला पावसात गाठता येईल असं उपकेंद्र यांत फार फरक पडतो.

जिल्हा उत्तर-दक्षिण लांबच लांब पसरलेला आहे. रेल्वे येते ती वरच्या टोकाला, वडशाला. मुख्यालयापासून भामरागड पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आणि सिरोंचा त्याहूनही लांब. मोठा आजार झाला की अहेरी-आलापल्लीची माणसं चंद्रपूरला जातात आणि सिरोंच्याची प्राणहिता किंवा गोदावरी ओलांडून तेलंगणात, कारण मंचेरियाल किंवा वरंगल त्यांना नागपूरपेक्षा सोयीचं पडतं. तेव्हा 'गडचिरोली जिल्ह्याची आरोग्यस्थिती' असं एका दमात म्हणता येत नाही. वडसा-आरमोरीच्या धानपट्ट्यात राहणाऱ्या बाईचं बाळंतपण आणि भामरागडच्या पलीकडच्या पाड्यावरचं बाळंतपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा जिल्हा इथं घेतला त्याला कारण आहे. बालमृत्यू मोजणं, त्यांची कारणं शोधणं आणि ते कमी करणं हे सगळं घराघरांतून सलग कित्येक वर्षं झालं, असे जिल्हे देशात फार थोडे. गडचिरोलीत ते झालं, आणि त्यातून निघालेल्या पद्धतीने पुढे देशाचं धोरण बदललं. तेही पुरतं बदललं नाही, आणि जे राहून गेलं त्याबद्दल या लेखात जरा सविस्तर बोलायचं आहे.

सुरुवात कुठून झाली

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून परतले आणि १९८६ मध्ये त्यांनी गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेचं काम सुरू केलं. तेंदूपत्त्याचं एक गोदाम ही कामाची पहिली जागा. सुरुवातीच्या दिवसांत त्यांनी सिकलसेलवर अभ्यास केला. रक्ताचा हा आनुवंशिक आजार या भागात आहे, हे दाखवून देणं वैद्यकीयदृष्ट्या मोलाचं होतं. पण गावातल्या लोकांना त्यात फारसा रस वाटला नाही. लोक सांगत होते ताप, लेकरांचे मृत्यू, बायकांची दुखणी आणि दारू याबद्दल. संशोधनाचा विषय लोकांना विचारून ठरवायचा, ही सर्चची रीत तिथून पडली.

बायकांच्या दुखण्यांचं काय झालं ते आधी सांगतो. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तक्रार घेऊन आलेल्याच स्त्रिया यात नव्हत्या, गावातल्या सगळ्यांनाच बोलावलं होतं. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग आढळला, सरासरी एकीला तीनाहून जास्त. आणि याआधी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या शंभरांत जेमतेम आठ. १९८९ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्या काळी ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे गर्भारपण, बाळंतपण आणि नसबंदी एवढीच व्याख्या होती. पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, पाळीचा त्रास हे सगळं बाईने सोसायचं, डॉक्टरने विचारायचं नाही आणि कुठल्या नोंदवहीत लिहायचं नाही. आजार नोंदवहीत नाही म्हणून तो नाहीच असं सरकारने धरून चाललेलं असताना या एका अभ्यासाने ते खोटं ठरवलं. पुढे प्रजनन आरोग्याचं धोरण जगभर बदलत गेलं, त्यात या दोन गावांचा वाटा मोठा आहे.

दवाखाना कसा असावा हेही लोकांनाच विचारलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते, पेशंटबरोबर आलेल्या घरच्यांना हाकलून देतात, पांढऱ्या कपड्यांतली माणसं परकी वाटतात, असं लोक म्हणाले. मग धानोरा रस्त्यावर चातगावजवळ सर्चचं आवार, शोधग्राम, उभं राहिलं तेव्हा दवाखाना गावासारखाच बांधला. झोपड्यांसारख्या खोल्या, नातेवाइकांना राहता-रांधता येईल अशी सोय. नाव लोकांच्या देवीचं ठेवलं, मा दंतेश्वरी दवाखाना. रोगी दवाखान्यात येतच नाहीत, अशी तक्रार प्राथमिक आरोग्य केंद्रांतून नेहमी ऐकू येते. त्या तक्रारीचं निम्मं उत्तर या बांधकामात आहे असं माझं मत आहे.

श्वास मोजणारे मणी

लेकरांच्या मृत्यूंची कारणं शोधताना न्यूमोनिया पुढे आला. इलाज स्वस्त होता, कोट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक. अडचण होती ती निदानाची आणि वेळेची. बाळाची धाप वाढली आहे हे आईला दिसतं, पण हा साधा सर्दी-खोकला की न्यूमोनिया हे कोण सांगणार? डॉक्टर दूर, आणि न्यूमोनिया दोन-तीन दिवसांत लेकरू नेतो.

निदानाची खूण मात्र सोपी आहे. एका मिनिटात श्वास किती, एवढंच मोजायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा जास्त आणि त्याहून मोठ्या तान्ह्याचे पन्नास किंवा जास्त असतील तर न्यूमोनिया समजायचा. पण गावातल्या ज्या सुईणींच्या हाती हे काम द्यायचं होतं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं. म्हणून एक साधं उपकरण तयार केलं. त्यात एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक अगदी लहान बाळांसाठी, दुसरी थोड्या मोठ्यांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला तर औषध सुरू करायचं.

१०२ गावांत हा प्रयोग झाला. त्यांपैकी ५८ गावांत उपचार सुरू केले, ४४ तुलनेसाठी ठेवली. १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. पाच वर्षांखालच्या मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू तुलनेच्या गावांत हजारी १७.५ होते, उपचाराच्या गावांत ८.१. उपचार मिळालेल्या मुलांपैकी शंभरांत एकाहूनही कमी दगावली. उपचार न मिळालेल्या गावांत हेच प्रमाण शंभरांत तेराच्या पुढे होतं. एवढा फरक पडला तो गावातल्याच सुईणी आणि कार्यकर्त्यांच्या हातून.

पण आकडे नीट पाहिल्यावर एक गोष्ट डोळ्यांत आली. वाचलेली बाळं बहुतेक महिन्याच्या पुढची होती. पहिल्या महिन्यातली बाळं अजून जातच होती, आणि बालमृत्यूंमधला मोठा हिस्सा त्यांचाच होता.

पहिले २८ दिवस

नव्वदच्या दशकाच्या मध्यात या गावांत शंभरातली ९५ बाळंतपणं घरी होत. नवजात बाळ हा त्या काळी वैद्यकशास्त्रासाठी फक्त रुग्णालयातला विषय होता. आजारी नवजाताला रुग्णालयात हलवा, असाच जगभरचा सल्ला होता. आता धानोरा तालुक्यातल्या एखाद्या घरात तो सल्ला कसा पोचत असेल ते बघा. बाळंतीण आणि बाळ अंधाऱ्या, धुराने भरलेल्या खोलीत. घराबाहेर काढायचं नाही ही रीत. बाळाने दूध ओढायचं सोडलं, अंग गार पडलं, तर आधी पुजाऱ्याला बोलावणं. गाडी नाही, हातात पैसा नाही, नवरा मजुरीला गेलेला. आणि सगळं जमवून जिल्ह्याच्या गावी पोचलंच तरी तिथं नवजाताला सांभाळणारी सोय असेलच असं नाही.

सर्चने आधी मोजलं. १९९५-९६ मध्ये ३९ गावांत जन्मलेल्या ७६३ बाळांवर पहिले २८ दिवस गावातल्याच प्रशिक्षित बाईने लक्ष ठेवलं आणि डॉक्टरने ते तपासून घेतलं. ४२ टक्के बाळं कमी वजनाची. ५४ टक्के बाळांना वैद्यकीय मदतीची गरज पडेल असा काही ना काही त्रास झाला. ती मदत मिळाली किती जणांना, तर २.६ टक्के. चाळीस बाळं गेली. त्यांतली निम्म्याहून जास्त जंतुसंसर्ग किंवा न्यूमोनियाने, पाचवा हिस्सा जन्मतः श्वास गुदमरल्याने, आणि उरलेल्यांत मोठा भाग फार लवकर जन्मलेल्यांचा.

५४ आणि २.६ या दोन आकड्यांत आरोग्यसेवेच्या उपलब्धतेचा सगळा प्रश्न आहे. जिल्ह्यात किती खाटा, किती डॉक्टर, किती उपकेंद्रं यांचे तक्ते दरवर्षी निघतात. पण ज्याला गरज होती त्याला मिळालं का, हे या तक्त्यांतून कधीच कळत नाही. ते कळायला घराघरांत जाऊन बसावं लागतं.

नंतर आली ती 'घरोघरी नवजात बाळसेवा'. गावातली थोडंफार शिकलेली बाई निवडायची, तिला टप्प्याटप्प्याने शिकवायचं, तिचं नाव आरोग्यदूत. ती काय करायची हे बारकाईने सांगण्यासारखं आहे. गरोदरपणीच घरी जाऊन सासू, नवरा, सुईण सगळ्यांशी बोलून ठेवायची. बाळंतपणाच्या वेळी सुईणीबरोबर हजर. बाळ रडलं नाही, श्वास घेत नाही, तर तोंड-नाक साफ करून पिशवी आणि मुखवट्याने श्वास द्यायची. मग पुसून कोरडं करणं, कपड्यात गुंडाळणं, झोळीच्या काट्यावर वजन, व्हिटॅमिन केचं इंजेक्शन, लगेच छातीशी लावणं. पहिली आंघोळ पुढे ढकलायला लावणं हेही काम होतं, आणि ते सोपं नव्हतं. पुढे महिनाभर ठरलेल्या दिवशी घरी जायचं, हात धुवायचे, ताप बघायचा, श्वास मोजायचे, नाळ बघायची. वजन फार कमी असेल तर बाळाला ऊब धरून ठेवणारी शिवलेली पिशवी द्यायची.

यातला सगळ्यांत धाडसी भाग जंतुसंसर्गाचा. रडणं क्षीण होणं किंवा बंद पडणं, दूध ओढायचं सोडणं, अंग ढिलं पडणं, अंग गार किंवा तापलेलं, नाळेला पू, अशा ठरावीक खुणांपैकी दोन एकाच वेळी दिसल्या की आरोग्यदूत आधी रुग्णालयात न्यायला सांगायची. घरचे नाही म्हणाले तर त्यांची लेखी संमती घेऊन जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने कोट्रायमॉक्साझोल सुरू करायची. इंजेक्शन दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस, घरी जाऊन.

सुरुवातीला, १९९३ ते ९५ च्या मोजणीत, नवजात मृत्युदर प्रयोगाच्या ३९ गावांत हजारी ६२ आणि तुलनेच्या ४७ गावांत ५८ होता. तिसऱ्या वर्षी, म्हणजे १९९७-९८ मध्ये, तुलनेच्या गावांत तो ५९.६ वर तसाच होता, तर प्रयोगाच्या गावांत २५.५ वर आला होता. जन्मलेल्या बाळांपैकी ९३ टक्क्यांपर्यंत ही सेवा पोचली. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांत दगावणाऱ्यांचं प्रमाण आधी शंभरांत सोळा-सतरा होतं, ते तिनाच्या आत आलं. खर्च बाळामागे सव्वापाच डॉलरच्या आसपास, आणि सुमारे अठरा बाळांची काळजी घेतली की एक मृत्यू टळत होता. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये आलं तेव्हा जगभर चर्चा झाली.

चर्चेत आक्षेपही होते आणि ते हलक्यात घेण्यासारखे नाहीत. डॉक्टर नसलेल्या बाईने तान्ह्या बाळाला प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यावं का? जेंटामायसिनची मात्रा चुकली तर कानावर, मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो. उद्या हीच पद्धत ढिल्या हाताने देशभर पसरली तर काय होईल? तुलनेच्या गावांत बाळं मरताना नुसतं मोजत राहणं योग्य का, हाही सवाल आला. या गावांत सरकारी सेवा नेहमीप्रमाणे चालू होत्या आणि प्रयोगाशिवाय देशाचं धोरण बदललं नसतं, हे त्याचं उत्तर. मला ते पटतं, पण हा प्रश्न ज्याला टोचत नाही त्याने असं संशोधन करू नये असंही वाटतं. इंजेक्शनबद्दल मात्र माझ्या मनात शंका नाही. 'डॉक्टर की आरोग्यदूत' असा पर्याय त्या घरासमोर कधी नव्हताच. समोर होती ती आरोग्यदूत, नाहीतर कुणीच नाही.

यश कशात होतं

बाहेरून पाहणाऱ्याला या प्रयोगात साहित्याची पिशवी दिसते, म्हणजे काटा, थर्मामीटर, मुखवटा, औषधं. पिशवी महत्त्वाची आहेच. पण ज्या गोष्टींनी काम उभं राहिलं त्या कमी दिसणाऱ्या आहेत. एका आरोग्यदूतावर साधारण एका गावाचाच भार. तिची निवड गावाशी बोलून. पंधरवड्यातून एकदा वरचा माणूस गावात येऊन तिने भरलेला फॉर्म आणि प्रत्यक्षातलं बाळ दोन्ही बघणार. चूक सापडली तर ओरडा न करता पुन्हा शिकवणार. आणि जन्म-मृत्यूंची नोंद तिच्या कामापासून वेगळी, स्वतंत्र माणसांकडून, म्हणजे मृत्यू लपवून कुणाचा फायदा होणार नाही.

शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे. एरवी आरोग्य यंत्रणेत बालमृत्यू कळवणाऱ्यालाच त्याचा जाब द्यावा लागतो. जन्मून तासाभरात गेलेलं बाळ मग 'मृत जन्मलं' असं लिहिलं जातं किंवा लिहिलंच जात नाही. महाराष्ट्रात २००१ च्या सुमारास १३ स्वयंसेवी संस्थांनी मिळून घरोघरी मोजणी केली, तेव्हा सरकारी नोंदींत कितीतरी बालमृत्यू आलेलेच नाहीत हे उघड झालं. त्यावर न्यायालयापर्यंत गोष्ट गेली आणि राज्य सरकारला डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली.

आजही सरकारच्या नमुना नोंदणीचे, म्हणजे निवडक वस्त्यांतल्या जन्म-मृत्यूंवरून काढलेले, जे आकडे दरवर्षी येतात ते राज्याचे असतात. २०२० चा महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर, म्हणजे वर्षाच्या आत जाणाऱ्या बाळांचा, हजारी १६ आला, नवजात मृत्युदर ११. चांगलेच आकडे आहेत. पण त्यांत भामरागड कुठं आहे ते दिसत नाही, एटापल्ली दिसत नाही, मेळघाट दिसत नाही. राज्याच्या सरासरीत दहा लाखांचा जिल्हा बुडून जातो आणि जिल्ह्याच्या सरासरीत त्याचा सगळ्यांत कठीण तालुका.

देशाने काय उचललं

गडचिरोलीनंतर हीच पद्धत महाराष्ट्रात सात ठिकाणी दुसऱ्या संस्थांनी करून पाहिली, तिथंही नवजात मृत्युदर निम्म्यावर आला. उत्तर प्रदेशात शिवगडला आणि बांगलादेशात सिल्हेटला थोड्या वेगळ्या रूपात झालेल्या प्रयोगांतून फायदा दिसला. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजातासाठी घरभेटींची शिफारस केली. २००५ पासून देशात आशा, म्हणजे गावातल्याच सरकारी आरोग्य कार्यकर्त्या, आल्याच होत्या. २०११ मध्ये केंद्र सरकारने घरोघरी नवजात बाळसेवा आशांच्या कामात घातली. दवाखान्यातलं बाळंतपण असेल तर ४२ दिवसांत सहा भेटी, घरचं असेल तर सात. मोबदला, सगळ्या भेटी पूर्ण झाल्यावर २५० रुपये.

म्हणजे एका भेटीला चाळीस रुपयांच्या आसपास, आणि तेही सगळं पुरं झाल्यावर. यात आशाताईने काय काय करायचं ते फॉर्मवर छापलेलं आहे. पण तिच्याकडे त्याच वेळी लसीकरणाची यादी, क्षयरोगाचे पेशंट, गरोदर बायकांची नोंदणी, सर्वेक्षणं, मोबाइलवर भरायची माहिती असं सगळं असतं. २०२३ च्या शेवटी महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या त्या उगाच नाही. मूळ प्रयोगातली पंधरवड्याची देखरेख आशांच्या वरच्या गटप्रवर्तकांवर आली, आणि एका गटप्रवर्तकाकडे वीस-पंचवीस आशा. भेट झाली का हे तपासलं जातं. भेटीत बाळाचे श्वास खरंच मोजले का, हे तपासायला कुणाला वेळ आहे?

आणि इंजेक्शन राहिलं. आशाच्या हाती जेंटामायसिन दिलं नाही. २०१४ मध्ये केंद्राने काही ठरावीक परिस्थितीत ते देण्याची मुभा एएनएमला, म्हणजे सरकारी परिचारिकेला, दिली. एएनएम उपकेंद्रावर असते आणि जंतुसंसर्ग झालेलं बाळ पाड्यावरच्या घरात. ज्या जंतुसंसर्गाने निम्मे मृत्यू होत होते त्याच्यावरचा घरचा उपचार राष्ट्रीय योजनेत असा पातळ झाला.

सरकारच्या बाजूनेही बोललं पाहिजे. दरम्यान परिस्थिती बदलली. दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी पैसे देणाऱ्या जननी सुरक्षा योजनेनंतर बाळंतपणं झपाट्याने दवाखान्यांत होऊ लागली, २०१४ पासून राज्यात १०८ ची रुग्णवाहिका आली, जिल्ह्यांत आजारी नवजातांसाठी खास कक्ष झाले. गडचिरोलीत महिला व बाल रुग्णालय झालं, आणि २०२४-२५ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला मंजुरी मिळाली. जन्मतः गुदमरलेलं बाळ आता बहुतेक वेळा नर्सच्या हातात असतं, हे चांगलंच. पण तिसऱ्या दिवशी बाळंतीण घरी परतते. पुढचे दिवस घरचेच असतात.

दक्षिणेकडचे तालुके

सर्चची ८६ गावं, प्रयोगाची ३९ आणि तुलनेची ४७, गडचिरोलीच्या मध्य-उत्तर भागातली. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा यांची गोष्ट निराळी. तिथं सगळ्यांत जुनं नाव हेमलकशाचं. २३ डिसेंबर १९७३ ला बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथं राहिले. वीज नाही, रस्ता नाही, अशा जागी झाडाखाली दवाखाना. लोक दोन-दोन दिवस चालत यायचे, छत्तीसगडच्या बाजूनेही. सर्च घरापर्यंत गेलं, हेमलकशाने जंगलाच्या मधोमध भरवशाचा दवाखाना उभा केला. दोन्हींची गरज आहे. घरोघरी जाणाऱ्या ताईला आपल्या आवाक्याबाहेरचं बाळ कुठं पाठवायचं हे माहीत हवं, नाहीतर तिच्या शब्दाला गावात वजन राहत नाही.

भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटा चढली की तालुक्याचं ठिकाणच तुटतं, आतली गावं तर त्याआधीच. मग खाटेची कावड करून पेशंट आणायचा, नाला ओलांडायचा, पलीकडे रुग्णवाहिका उभी असेल तर पुढे. वर नक्षलवादी हिंसाचाराचा काळ. त्यात रस्ते-पुलांची कामं रखडली, डॉक्टर बदलीचा आदेश हाती पडताच रजेचा अर्ज टाकायचे. मलेरियाचा राज्यातला मोठा भार याच तालुक्यांवर आहे, आणि तो पावसात वाढतो, नेमका रस्ते बंद असताना.

या भागासाठी सरकारची एक योजना मला मनापासून योग्य वाटते, माहेरघर. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारातच खोली बांधायची, दिवस भरत आलेल्या बाईने तारखेच्या आधीच येऊन राहायचं, बरोबर लहान मूल आणि घरचं एक माणूस. अंतराला दिलेलं हे अगदी सरळ उत्तर आहे. पण आठ दिवस घर सोडलं तर मजुरी बुडते, धानाची कामं अडतात, मागे राहिलेल्या लेकरांना कोण बघणार. आणि केंद्रावर रात्री नर्स नसेल, जेवणाची सोय वेळेवर नसेल, तर बाई एकदा येऊन परत येत नाही आणि दुसरीलाही सांगते. इमारत बांधून माहेरघर होत नाही, तिथं माहेरासारखं विचारणारं माणूस पगारावर ठेवावं लागतं.

त्याच गावांत आता लकवा

ज्या ८६ गावांत नवजात बाळांचे मृत्यू मोजले, त्याच गावांत सर्चने २०११ ते २०१३ या काळात सगळ्याच मृत्यूंची कारणं तपासली. लोकसंख्या ९४ हजारांच्या वर. मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं लकवा, म्हणजे पक्षाघाताचा झटका. शंभर मृत्यूंतले चौदा त्याचे. आणि लकव्याने गेलेल्यांपैकी ८७ टक्के माणसं घरीच गेली.

शहरात लकवा म्हणजे धावपळ, सीटी स्कॅन, साडेचार तासांच्या आत गाठ विरघळवणारं इंजेक्शन. धानोऱ्याच्या गावात सकाळी बाबांचं तोंड वाकडं झालं, हात उचलेना, तर आधी वारं लागलं म्हणून झाडपाला, मग मालिश, मग कुणाच्या तरी मोटारसायकलवर मध्ये बसवून तालुक्याला. तोवर वेळ गेलेली असते. त्यामुळे लकवा झाल्यावर धावण्यापेक्षा तो होऊ न देणं हाच इथं उपचार, आणि त्याची गुरुकिल्ली रक्तदाब. बीपीची गोळी स्वस्त आहे, कोट्रायमॉक्साझोलइतकीच. फरक एवढाच की न्यूमोनियाचं औषध पाच दिवसांचं होतं, ही गोळी जन्मभराची. ज्याला काहीच दुखत नाही अशा माणसाला ती रोज घ्यायला लावायची आणि दर महिन्याला त्याच्या गावात ती पोचवायची, हे अवघड आहे. सर्चने गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्तीकडून बीपी तपासणी आणि पाठपुरावा हा प्रयोगही हाती घेतला.

रक्तदाब आणि लकवा वाढण्यामागे तंबाखू आणि दारूही आहे. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, या जिल्ह्यात शाळकरी मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या खिशात असतो. दारूविरुद्ध बायकांनी आंदोलन केलं आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. बंदीनंतरही चोरटी दारू येत राहिली, म्हणून २०१६ पासून राज्य सरकार, टाटा ट्रस्ट्स आणि सर्च मिळून 'मुक्तिपथ' चालवत आहेत, गावागावांत संघटना, व्यसन उपचाराच्या शिबिरांसह. बंदी असावी की नसावी यावर महाराष्ट्रात बरंच बोललं जातं. चंद्रपूरची बंदी २०२१ मध्ये उठलीही. गडचिरोलीच्या बायकांना विचारलं तर त्या ठाम असतात, कारण आठवड्याच्या मजुरीतून दारूला जाणारे पैसे कुणाच्या ताटातले असतात ते त्यांना माहीत आहे.

जंतुसंसर्ग, मलेरिया, कुपोषण हे जुने आजार अजून संपलेले नाहीत आणि रक्तदाब, लकवा येऊन बसले आहेत. दोन्हींना एकच आशा, तीच पिशवी, तोच २५० रुपयांच्या धर्तीवरचा मोबदला. आता तिच्या कामात बीपीचा पाठपुरावाही आला आहे. बीपी वाढलेलं निघालं की तिने पेशंटला आरोग्य केंद्रात पाठवायचं. तिथं गोळ्यांचा साठा महिनाभर पुरेल इतका आहे का, आणि नसेल तर पुढच्या महिन्यात तो पेशंट पुन्हा येईल का, याची तालुकावार नोंद ठेवली आणि दर तीन महिन्यांनी जाहीर केली, तर या जिल्ह्यात कुठं काय कमी आहे ते वर्षभरात दिसेल. ते करायला नवा कायदा लागत नाही, निधीही फारसा लागत नाही. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला ते याच वर्षी सुरू करता येईल, आणि सुरुवात भामरागडपासून करावी.